ज्ञान माटुंग्यात, पाणी कोलाडात, झोप मंत्रालयात

मुळशीची गावे बुडवून अडवलेले पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याला येते, वीज देते आणि कुंडलिकेत मिसळून कोलाडकडे वाहू लागते. या पाण्यावरून १९२१ साली मुळशीत सत्याग्रह पेटला, सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. अखेर सत्याग्रह मोडला, माणसे देशोधडीला लागली आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. परक्यांच्या उंबरठ्यांवरून आलेले हे पाणी कोलाड-रोह्याला जवळपास शंभर वर्षे बारमाही मिळते आहे. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले. धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली. दारातून मुंबई-गोवा महामार्ग गेला. कोकण रेल्वेने १९९९ च्या प्रजासत्ताकदिनी मालट्रक पाठीवर घेणारी पहिली रो-रो गाडी गोव्यातल्या वेर्ण्याला सोडली, तीही कोलाडहूनच. एखाद्या मुलखाच्या पदरात दैवाने आणि सरकारने याहून अधिक काय टाकायचे? आणि आम्ही या ऐश्वर्याचे केले काय? वरच्या अंगाला सकाळी पाहुण्यांचे राफ्ट सोडले आणि खालच्या अंगाला कारखान्यांचे सांडपाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते, आणि त्या ५३ मध्ये आमची कुंडलिका होती.

याच रोहे तालुक्यात नागोठणे आहे. समुद्रातल्या मुंबई हायचा वायू तिथे येतो, फुटतो आणि पॉलिथिनचे दाणे होऊन गोण्यांत भरला जातो. म्हणजे प्लास्टिक जिथे जन्मते तो हा तालुका. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये मोठा गाजावाजा करून प्लास्टिकबंदीचा आदेश काढला, केंद्राने जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या बंद्यांचे पुढे काय झाले ते कोलाड नाक्यावर उभे राहून पाहावे. भाजीवालीच्या टोपलीतल्या पिशव्या जप्त झाल्या, तिला दंड झाला, आणि चार दिवसांनी तीच पिशवी त्याच टोपलीत परत आली. पर्याय न देता घातलेली बंदी गरिबाच्या खिशाला कात्री लावण्यापलीकडे काही करत नाही. आणि पर्याय नाही असे जो कोणी म्हणतो तो एकतर अडाणी आहे किंवा लबाड. पर्याय शंभर वर्षांपूर्वी सापडला आहे. तो जिवाणूच्या पोटात आहे.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मॉरिस लेम्वान्य यांनी १९२६ साली एका मातीतल्या जिवाणूच्या पेशीत साठलेले कण वेगळे काढले. आपण जशी चरबी साठवतो तसा तो जिवाणू उपासमारीच्या दिवसांसाठी एक पॉलिमर साठवत होता. त्याला आज पीएचबी म्हणतात. साखर भरपूर द्यायची आणि नायट्रोजन तोडायचा, की काही जातींच्या पेशीचे वाळवलेले वजन घेतले तर त्यात ऐंशी टक्क्यांपर्यंत हेच निघते. साच्यात घालून त्याची बाटली होते, आणि ती बाटली मातीत पुरली की मातीतलेच जिवाणू ती खाऊन टाकतात. झँथन नावाचा डिंक आणखी एका जिवाणूचा, कोबीवर काळी कूज पाडणाऱ्याचा. तो आइस्क्रीमात आहे, सॉसमध्ये आहे, तेलविहीर खोदताना वापरायच्या चिखलातही आहे. आपल्या रायगडातल्या उरणला तेल-वायूचे एवढे मोठे ठाणे, तरी जगातला बहुतेक झँथन चीनमध्ये तयार होतो. अमेरिकेलाही २०१३ साली चिनी झँथनवर डम्पिंगविरोधी शुल्क बसवावे लागले. आम्ही मात्र आयात करतो, बिल भरतो आणि आत्मनिर्भरतेची भाषणे ऐकतो.

पण आमच्या नाकर्तेपणाचा खरा पुरावा पाहायचा असेल तर डेक्स्ट्रानकडे पाहा. हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या केमिस्टला शिवीसारखे पाठ आहे. ऊस तोडून दोन-तीन दिवस गाडीत शिळा पडला, की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यात शिरतो आणि साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रान तयार करतो. रस बुळबुळीत होतो, गाळणीतून उतरत नाही, पॅनमध्ये दाणा लांबट येतो, साखरेचा उतारा पडतो. गिरणीखालच्या पन्हाळीला तो गिळगिळीत थर धरतो आणि पाळीवरचा कामगार वाफेची नळी घेऊन तो खरवडत बसतो. आमच्या राज्यात दोनशेच्या आसपास साखर कारखाने. दर हंगामात, दर पाळीत, हाच थर खरवडून गटारात सोडला जातो.

हीच कटकट स्वीडनमधल्या बीटच्या साखरेतही होती. तिथल्या साखर कंपनीने काय केले? गेल्या शतकाच्या चाळिशीत, महायुद्ध चालू असताना, तिने तो चिकट रस उप्साला विद्यापीठात तपासायला दिला. ग्रोनवाल आणि इंगेलमान या दोघांनी तो तपासता तपासता ओळखले, की या साखळ्या योग्य लांबीला तोडल्या तर रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेत प्लाझ्माच्या जागी देता येतील. १९४७ साली फार्मासिया कंपनीने ते औषध बाजारात आणले. बारा वर्षांनी त्याच डेक्स्ट्रानपासून प्रथिने गाळून वेगळी करायचे मणी निघाले, आणि जगभरच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळा त्या मण्यांवर चालू लागल्या. एका साखर कारखान्याच्या गटारातून एका देशाने औषधांचा धंदा उभा केला. आमच्या कारखान्यांच्या गटारातून काय निघाले? फार तर चेअरमनांच्या निवडणुकीचा खर्च.

मुद्दा साखळीच्या लांबीचा आहे, आणि इथेच ध्वनी येतो. जिवाणूने केलेला डेक्स्ट्रान लक्षावधी डाल्टन रेणुभाराचा असतो. शिरेत द्यायचा तो चाळीस हजार किंवा सत्तर हजारांचा हवा. बाटलीवरचे डेक्स्ट्रान ४० आणि डेक्स्ट्रान ७० हे आकडे तेच सांगतात. रूढ रीत अशी, की हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून साखळी तोडायची, मग सोडा घालून आम्ल शमवायचे, मग अल्कोहोलने हव्या लांबीचा भाग खाली बसवायचा. तुटके तुकडे लहानमोठे, कसेही. आणि मागे उरते मिठाचे पाणी. हे मिठाचे पाणी कुठे जाते हे धाटावच्या माणसाला आम्ही शिकवायला नको.

दुसरी रीत आवाजाची. सेकंदाला वीस हजार कंपने, म्हणजे आपल्या कानाच्या मर्यादेच्या जेमतेम पलीकडचा ध्वनी, द्रावणात सोडला की त्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुगतात आणि कोसळतात. कोसळण्याच्या त्या क्षणी बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंशांचे तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो, तोही सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापुरता. भोवतीचे पाणी आत धावते आणि त्या ओढीत सापडलेली लांब साखळी रस्सीखेचीतल्या दोरासारखी ताणली जाऊन मधोमध तुटते. मधोमध, हे महत्त्वाचे. जितकी साखळी लांब तितकी ती लवकर तुटते, आणि एका मर्यादेखाली आखूड झाली की ध्वनी तिला हात लावू शकत नाही. त्यामुळे आम्लाच्या आंधळ्या कुऱ्हाडीपेक्षा तुकडे पुष्कळ एकसारखे निघतात. हेही नवे नाही. १९३० च्या दशकातच युरोपात स्टार्च, डिंक आणि जिलेटिनच्या साखळ्या ध्वनीने तोडून दाखवल्या होत्या. प्रयोगशाळेत हे पाहायला फार काही लागत नाही. बर्फात बसवलेला एक बीकर, त्यात चमचा उभा राहील इतका घट्ट झँथन, वरून बुडवलेला, ध्वनी सोडणारा टायटॅनियमचा हॉर्न. बटण दाबले की दात आंबवणारी चिरकी शीळ सुरू होते, म्हणून विद्यार्थी कानांत बोळे घालून बसतात. बघता बघता तो लगदा ढिला पडतो, हलू लागतो, शेवटी ओतता येतो. आम्ल नाही, सोडा नाही, मीठ नाही. लागते ती वीज. आणि वीज कुठे होते? भिऱ्याला, कोलाडच्या माथ्यावर.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशात. आपल्याकडे कोण करणार? लाज वाटावी असे उत्तर आहे: आपल्याकडेच झाले आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या माणसांची यूडीसीटी, १९३३ पासून रसायन अभियंते घडवते आहे. तिथल्या अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ साली तेलांच्या विघटनावर बुडबुड्यांच्या या स्फोटाचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि पुढे पंडितांनी त्या शास्त्राची एक शाळाच उभी केली. पराग गोगटे यांच्या गटाने पॉलिमरच्या साखळ्या ध्वनीने तोडण्याचे काम केले. त्यात गवार गमही आला, तो झाडाचा असला तरी. रेखा सिंघल यांच्या गटाने जिवाणूंकडून जेलन आणि पॉलिग्लुटामिक आम्ल करून घेतले. म्हणजे एकाच आवारात एका इमारतीत जिवाणू साखळी विणतो आहे आणि दुसऱ्या इमारतीत ध्वनी ती तोडतो आहे. मधली भिंत ओलांडून या दोन कामांचा एक कारखाना व्हावा, तोही तीन-चार तासांच्या वाटेवरच्या रोह्यात व्हावा, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकाही उद्योगमंत्र्याला सुचली नाही.

आणि लोणार! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या प्रज्ञा काणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या खाऱ्या सरोवरातून हॅलोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा काढला, त्याच्याकडून पीएचबीच्या घराण्यातले प्लास्टिक करून घेतले आणि २०१० साली ते जगापुढे मांडले. खाऱ्या पाण्यातला जिवाणू हे केवढे भाग्य आहे ते धंदेवाल्याला विचारा. फर्मेंटर निर्जंतुक करायला जी वाफ आणि जो पैसा जळतो त्यातला मोठा भाग वाचतो, कारण त्या खारात आणि अल्कलीत दुसरा जंतू तग धरत नाही. त्याच सुमारास चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठाच्या छन ग्वोच्यांग यांनी शिंच्यांगमधल्या एका खाऱ्या सरोवरातून असाच एक हॅलोमोनास काढला आणि २०११ साली आपले निष्कर्ष छापले. दोन सरोवरे, दोन भावंडे जिवाणू, वर्षभराचे अंतर. चीनने पुढे त्या जिवाणूवर कंपनी काढली. आम्ही लोणारवर काय काढले? पर्यटनाची पत्रके.

दोष कोणाचा? सरकारचा तर आहेच. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई३ नावाचे धोरण मंजूर केले, त्यात बायोपॉलिमरचे नाव ठळक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्राज कंपनीने जेजुरीला पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. जिवाणूने केलेल्या लॅक्टिक आम्लापासून होणारे हे प्लास्टिक. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीच्या कुंभी साखर कारखान्याशेजारी याच मालाचा मोठा प्रकल्प जाहीर झाला. ज्या राज्यात फर्मेंटेशनची परंपरा पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९५४ पासून चालत आली, त्याने आता उत्तर प्रदेशाकडे पाहून शिकायचे! जेजुरीचे कौतुक आम्ही हातचे राखून करणार नाही. पण ते एका खासगी कंपनीचे कर्तृत्व आहे, राज्याचे नव्हे.

आणि आमच्या पुढाऱ्यांचे शौर्य कशात? २०२२ साली औषधांच्या कच्च्या मालाचा बल्क ड्रग पार्क गुजरात, हिमाचल आणि आंध्रला गेला तेव्हा सगळ्या पक्षांनी गळे काढले. तो पार्क रोहे आणि मुरूडच्या गावांत येणार होता आणि तिथला शेतकरी जमीन द्यायला तयार नव्हता, हे रडणाऱ्यांपैकी किती जणांनी सांगितले? शेतकऱ्याचे म्हणणे सरळ होते: नदी तुम्ही आधीच नासवली, आता जमीनही मागता? त्याला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी एकदा कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्याच्या खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्यात काय येते ते पाहावे. हजारो एकरांचा पार्क मागायचा, तो मिळाला नाही की दिल्लीच्या नावाने बोटे मोडायची, आणि ज्या उद्योगाला धाटावातले दोन-चार रिकामे भूखंड पुरतील त्याचे नावही घ्यायचे नाही, अशी ही मर्दुमकी.

कारखानदारांनी हसू नये. त्यांचीही पाळी आहे. स्वतःचे संशोधन केंद्र चालवणारे थोडके, बाकीच्यांचा हिशेब तीस वर्षांपूर्वीची रिअॅक्टरची रांग, मुंबईत बसलेला मालक आणि टँकरने येणारा कच्चा माल यापुढे जात नाही. जिवाणू म्हटले की त्यांना सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतला गाळ आठवतो. विद्यापीठेही सोवळी नाहीत. कोलाडहून दक्षिणेला, महामार्गाने कृपा केली तर तासाभरात, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. रोहे-माणगावची मुले तिथे रसायन अभियांत्रिकी शिकतात, आणि पदवी घेतली की गुजरातेत दहेजला नाहीतर अंकलेश्वरला नोकरी धरतात. प्रबंध लिहायचा, पेपर परदेशी मासिकात छापायचा, बढतीचे गुण मिळवायचे आणि पेपरची प्रत कपाटात ठेवायची, याला ज्ञानसाधना म्हणतात. ज्या करदात्याच्या पैशावर ते काम झाले त्याच्या गावात त्यातले एक थेंबभर तरी उतरावे, अशी अपेक्षा केली की प्राध्यापक दुखावतात. दुखावू देत.

आता जैव प्लास्टिकच्या भक्तांच्या डोळ्यांतही थोडे अंजन. नावाला जैव लागले म्हणून काही पवित्र होत नाही. पॉलिलॅक्टिकचा पेला रस्त्याकडेला फेकला तर तो तिथेच पडून राहील. त्याला कुजायला औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते. किण्वनाचा उरलेला रस म्हणजे सेंद्रिय कचऱ्याचा प्रचंड बोजा, आणि तो नदीत सोडला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारतो. मळीवरच्या डिस्टिलऱ्यांनी या राज्यात ओढेच्या ओढे काळे केले आहेत, तो इतिहास पुसलेला नाही. धंदा म्हणूनही ही वाट सोपी नाही. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या जैव प्लास्टिकातून १९९० साली शांपूच्या बाटल्या निघाल्या, आणि महागाईपायी तो उद्योग हात बदलत गारठला. अमेरिकेतली डॅनिमर कंपनी २०२५ साली दिवाळखोरीत गेली. ध्वनीचेही तसेच: वीज पुष्कळशी उष्णतेतच जाते, हॉर्नचे टोक झिजते, बीकरमध्ये जमले ते टाकीत जमेलच असे नाही. म्हणूनच माटुंग्याच्या लोकांनी ध्वनीऐवजी पंप आणि भोके पाडलेली चकती वापरून तेच बुडबुडे उठवण्याची वाट काढली. तीत खर्च कमी आणि आकार वाढवणे सोपे.

म्हणून आम्ही पिशव्या बनवा असे म्हणत नाही. पॉलिथिनच्या पिशवीशी किमतीत झुंजायला गेलेला जिवाणू आज तरी हरेल. सुरुवात करायची ती किलोला भाव असलेल्या मालाने: औषधाचे डेक्स्ट्रान, त्वचेला आणि सांध्याला लागणारे हायलुरोनिक आम्ल, खाद्यात लागणारे आखूड साखळीचे डिंक. इथे साखळीची नेमकी लांबी हाच माल असतो. धाटावच्या कारखान्यात वीस वर्षे व्हॉल्व्ह फिरवलेल्या, पीएच आणि तापमान अंगवळणी पडलेल्या ऑपरेटरला फर्मेंटर शिकायला फार दिवस लागणार नाहीत. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या या जिल्ह्यात कणी आहे, कणीत स्टार्च आहे आणि स्टार्चपासून ग्लुकोज होते. ते कमी पडले तर ताम्हिणी घाटापलीकडे पुणे जिल्ह्याची मळी आहे. जिवाणू हवे असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; मागा, मिळतील.

तेव्हा मागणे उघड करतो. औद्योगिक विकास महामंडळाने धाटावातल्या बंद पडलेल्या आणि अडवून ठेवलेल्या भूखंडांची यादी नावानिशी जाहीर करावी आणि त्यांतला एक काढून घ्यावा. भातशेतीची एक गुंठाही जमीन नको. तिथे राज्याच्या पैशाने एक सामायिक प्रात्यक्षिक केंद्र उभारावे: काही हजार लिटरचे फर्मेंटर, गाळण आणि सुकवणीची सोय, ध्वनीचा आणि पंपाचा, दोन्ही तऱ्हेचा साखळीतोड विभाग. कोणाही लहान कारखानदाराने भाडे भरून यावे, आपला माल करून पाहावा. चालवायला माटुंगा आणि लोणेरे यांची जोडी बसवावी. तिथे वर्षभर हात काळे केल्याशिवाय संबंधित शाखेच्या मुलाला पदव्युत्तर पदवी देऊ नये. साखर कारखान्यांनी दर हंगामात शिळ्या उसाच्या रसाचे नमुने या केंद्राला द्यावेत; सहकाराच्या नावावर जगणाऱ्यांना एवढा तरी सहकार जमावा. सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीत या मालाला, गुणवत्ता सिद्ध झाली तर, पहिली काही वर्षे हमी द्यावी. आणि उरलेला रस बायोगॅसकडे वळवल्याशिवाय, बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे फाटकाबाहेर मराठीत फळ्यावर रोज लिहिल्याशिवाय, या केंद्रालाही परवाना मिळता कामा नये. तपासणीच्या समितीवर खाडीतला एक कोळी आणि कालव्यावरचा एक शेतकरी हवा, तोही मताच्या अधिकारासह.

खर्चाचा बाऊ कोणी करू नये. मुंबई-गोवा महामार्गाच्या ज्या तुकड्यावर कोलाड आहे तिथे खड्डे बुजवण्यात, बुजवलेले उखडण्यात आणि नव्या निविदा काढण्यात दशकाहून अधिक काळ पैसा ओतला गेला आहे, आणि त्याचा जाब कोणीही दिलेला नाही. येत्या अर्थसंकल्पात या केंद्राचे स्वतंत्र लेखाशीर्ष दिसते की नाही, आणि दिसले नाही तर रायगडच्या सातही आमदारांपैकी कोण सभागृहात उभा राहून विचारतो, हे आम्ही नावानिशी छापू.